खाऱ्या पाण्यातले शेजारी

आम्ही निर्मळहून बोलतोय. आमचा गट सात जणींचा. कुणाची वाडी आहे, कुणी फुलं-भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जाते, एकीचं माहेर अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातलं. बचत गटाच्या बैठकीत पापड-मसाल्याशिवाय दुसरं काय करता येईल, यावर वर्षभर बोलून झालं आणि शेवटी आम्ही काचेच्या टाक्यांच्या कामात पडलो. शोभेचे मासे पाळायचे, लोकांच्या घरच्या टाक्या धुऊन द्यायच्या, पाणी बदलायचं. गोड्या पाण्याचं काम आम्हाला बरं जमलं. मग एका गिऱ्हाइकाने खाऱ्या पाण्याच्या टाकीची मागणी केली. आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहोत, कारण आमचा पैसा आणि आमचे मासे याच गोष्टीत गेले: एका टाकीत कोणता मासा कुणाबरोबर ठेवायचा.

आधी हसायची गोष्ट सांगतो. निर्मळहून कळंबचा किनारा किती जवळ! आम्हाला वाटलं, समुद्र दारात आहे, दोन कॅन भरून आणू, काम झालं. अर्नाळ्याच्या ताईने पहिल्याच दिवशी कॅन खाली ठेवायला लावला. आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ. वर अर्नाळ्याला वैतरणा येऊन मिळते, खाली वसईची खाडी. पावसाळ्यात तर खारटपणा इतका उतरतो की त्याला समुद्राचं पाणी म्हणणं अवघड. आपल्याकडचे बोंबील, मांदेली, निवटी या पाण्याला सरावलेले. पण रंगीत मासे असतात ते प्रवाळाचे, म्हणजे लक्षद्वीप, अंदमान, मन्नारच्या आखाताकडचे किंवा त्याहून लांबचे. त्यांना स्वच्छ, एकसारखं पाणी लागतं. म्हणून समुद्राशेजारी राहून आम्ही मीठ विकत आणतो आणि फिल्टरच्या पाण्यात कालवतो. आमची थोरली काकी अजून म्हणते, हे म्हणजे वाडीत केळी असताना बाजारातून केळी आणणं.

आणि हे मीठ स्वयंपाकाचं चालत नाही, मिठागरातलंही नाही. मिठागरात मीठ धरतं तेव्हा मॅग्नेशियमसारखे पुष्कळ क्षार उरलेल्या पाण्यातच राहतात. माशाला ते सगळे हवे असतात. टाकीसाठी वेगळं तयार मीठ मिळतं, ते एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालायचं. आमची सरावाची टाकी काकीच्या ओटीवर आहे, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशोबाने १९० लिटर होतात, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी १६० लिटरच बसतं. म्हणजे साडेपाच किलोच्या वर मीठ एका वेळेला. पुढे दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, त्याला अर्धा किलोच्या थोडं वर. आणि उन्हाने पाणी आटलं तर त्यात खारं पाणी घालायचं नाही, साधंच घालायचं. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. मिठागर बघितलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको, तरी आमच्यातल्याच एकीने पहिल्या महिन्यात ही चूक केली.

टाकी भरली म्हणजे तयार झाली असं नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी. त्याला पचवणारे जीवाणू दगडांवर, वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीच्या बाटल्या मिळतात, त्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबायचं. आमची पहिली चूक इथेच झाली. एका दुकानात आम्हाला सांगितलं, एवढं थांबता कशाला, तीन डॅमसेल सोडा, ते मरत नाहीत, तेच टाकी चालू करून देतात. निळेशार, अंगठ्याएवढे, सगळ्यात स्वस्त. आम्ही सोडले. खरंच मेले नाहीत.

दीड महिन्यांनी आम्ही क्लाउन माशांची जोडी आणली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, मुलं त्याला निमो म्हणतात. गिऱ्हाइकांना हाच मासा हवा असतो, म्हणून आधी आपल्याकडे जगवून बघू, असा विचार. दीड महिन्यात त्या तीन डॅमसेलनी टाकीची वाटणी करून घेतली होती. प्रत्येकाचा एक दगड. मोठा होता तो तर हात घातला तर हातालाही येऊन टोचायचा. क्लाउन सोडल्यावर तासाभरात त्यांना कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला नेऊन उभं केलं. आम्ही म्हटलं, नवीन आहेत, होईल सवय. दुसऱ्या दिवशी लहान क्लाउनचे पर चिंध्या झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी काकी ओटी झाडायला आली तेव्हा तो मेलेला होता.

मैत्रिणींनो, मासा मेला तर बचत गटाच्या वहीत तो कुठे लिहायचा? त्या दिवशी आम्ही त्यावर खूप वेळ बोललो. कर्ज गटातून काढलेलं, महिन्याला शंभर-शंभर टाकून जमलेलं. शेवटी 'नुकसान' असाच रकाना पाडला. तो रकाना पुढे बराच भरला.

त्या डॅमसेलना बाहेर काढायचं म्हणजे काय, ते ऐका. जाळी घातली की दगडात शिरतात. शेवटी सगळे दगड एकेक करून बादलीत काढले, पाणी अर्धं उपसलं, तेव्हा कुठे हाती लागले. एक पूर्ण रविवार गेला. म्हणून आमचं पहिलं सांगणं: जो मासा नंतर काढावा लागेल तो आत घालूच नका.

खरं तर हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. आमच्या वाडीत बावखल आहे. आजोबांच्या वेळेला त्याच्यावर रहाट होता. त्यात लहान लहान मासे असायचे, पोरं गळ टाकून बसायची. मग कुणीतरी हौसेने त्यात चिलापी सोडली. दोन-तीन पावसाळ्यांत बावखलात चिलापीशिवाय काही उरलं नाही. तेवढं मोठं बावखल. काचेची टाकी तर तीन फुटांची, त्यात पळून जायलाही जागा नाही. समुद्रात हरलेला मासा दुसऱ्या दगडाकडे जातो आणि भांडण संपतं. टाकीत हरलेल्याला जायला कुठेच नसतं, तो रोज सकाळी त्याच भिंतीत भेटतो.

मग आम्ही माहिती गोळा करायला लागलो. मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी ऐरोलीला आहे. त्यांच्याच खाडीकाठच्या गावांसाठी २०१७ पासून चाललेल्या योजनेत खेकडे, कालवं यांच्याबरोबर शोभेचे माशेही आहेत. लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटावर तर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिथल्या बायकांनाच शोभेची कोळंबी आणि क्लाउन मासे वाढवायला शिकवलं. हे कळल्यावर आम्हाला धीर आला. आमच्यासारख्याच बायका, आणि काम हेच.

आता कोण कुणाबरोबर. क्लाउनपासून सुरू करू, कारण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हा मासा जन्मतो तेव्हा नरही नसतो, मादीही नसते. मोठा होताना आधी नर होतो. घोळक्यात जो सगळ्यात मोठा आणि दांडगा, तो पुढे मादी बनतो. घरची मालकीण तीच. ती मेली तर तिचा नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ हशा थांबेना. पण यातून कामाची गोष्ट निघते. दोन सारख्याच मोठ्या क्लाउन आणल्या तर दोघी माद्या निघू शकतात, आणि मग एक दुसरीला जगू देत नाही. म्हणून दोन लहान घ्यायचे, एक थोडा मोठा, एक थोडा छोटा. तीन घ्यायचे नाहीत. दोघांची जोडी जमली की तिसऱ्याचे हाल. आणि क्लाउनच्या नावाखाली टोमॅटो क्लाउन, मरून क्लाउनही मिळतात, ते दिसायला देखणे पण स्वभावाने तापट. पहिल्या टाकीसाठी साधा नारिंगी-पांढराच बरा.

त्याच्याबरोबर आम्हाला चांगला जमलेला मासा म्हणजे बंगाई कार्डिनल. चंदेरी, काळे पट्टे, लांब झुबकेदार पर, संथ चालीचा. मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांचा. याच्यात अंडी बाप सांभाळतो, तोंडात. तीन-चार आठवडे तोंड मिटून, उपाशी. थोरली काकी म्हणाली, हा मासा आपल्या ग्रामसभेला दाखवायला हवा. पण हाही जोडीनेच ठेवायचा. चार-पाच एकत्र ठेवले तर एक जोडी जमते आणि बाकीच्यांना मारते.

मग तळाचे मासे. गोबी वाळूत बसतो, ब्लेनी दगडावरचं शेवाळ खरवडतो. क्लाउन मधल्या पाण्यात, कार्डिनल दगडाच्या सावलीत, गोबी वाळूवर: प्रत्येकाची जागा वेगळी, खाणं वेगळं, अंगाची ठेवण वेगळी. टाकीत भांडण बहुतेक वेळा आपल्यासारख्या दिसणाऱ्याशी होतं, कारण तो आपली जागा आणि आपला घास घेणार असं माशाला वाटतं. दोन ब्लेनी एका लहान टाकीत ठेवू नका. पिवळ्या माशाजवळ तसाच दुसरा पिवळा नको. दुकानात उभं राहिलं की हात नेमका उलटा जातो, आवडला तो दोन घ्यावासा वाटतो.

काही मासे आम्ही आता कितीही सुंदर असले तरी घेत नाही. निळा टँग, मुलं ज्याला डोरी म्हणतात, तो दुकानात तीन बोटांएवढा असतो आणि वाढून फूटभर होतो. त्याला सहा फुटांची टाकी हवी, दिवसभर पोहणारा मासा आहे तो. लायनफिश दिसतो राजासारखा, पण तोंडात मावेल तो सगळा शेजार गिळतो. त्याच्या पाठीचे काटे विषारी, घरात लेकरं असतील तर त्याचं नावच नको. ट्रिगर कोळंबी-गोगलगाय फोडून खातो. बॉक्सफिश घाबरला तर अंगातून विष सोडतो आणि आख्खी टाकी जाते. बटरफ्लाय माशातले कित्येक फक्त जिवंत प्रवाळच टोचून खातात. आणि मँडरिन, सगळ्यात देखणा, तो दगडावरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वेचून खातो, कोरडं खाणं बघतही नाही. नव्या टाकीत तो कुणाशी भांडत नाही, कुणी त्याला मारत नाही. नुसता हळूहळू उपाशी मरतो. आमच्या वहीत तोही आहे.

समुद्रघोडा कुणी देऊ केला तर नाही म्हणा. २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्रघोडे, समुद्रकाकडी, कितीतरी प्रवाळं आणि शंख संरक्षित केले आहेत. आपल्या समुद्रातलं जिवंत प्रवाळ तोडून आणलेलं घेणंही त्यातच येतं. आम्ही कोरडे दगड वापरतो, त्यावर महिन्यांनी आपोआप रंग येतो.

कोण आधी, कोण नंतर, हेही तितकंच महत्त्वाचं. भित्रा आधी, दांडगा शेवटी. आमच्याकडे आता आधी गोबी जातो, मग कार्डिनल, सगळ्यात शेवटी क्लाउन, कारण क्लाउनही एकदा घर धरलं की पाहुणा खपवून घेत नाही. दोन माशांच्या मध्ये दोन-तीन आठवडे सोडायचे, म्हणजे जीवाणूंनाही वाढलेली घाण पचवायला वेळ मिळतो. तीन फुटांच्या टाकीत पाच-सहा लहान मासे, तेवढेच. नवीन मासा सोडायच्या दिवशी दोन-चार दगड इकडचे तिकडे करायचे. जुन्यांची हद्द मोडते, ते स्वतःच घर शोधण्यात गुंततात. दिवा बंद ठेवायचा. आणि पहिले दोन दिवस नव्या माशाला भाजीच्या जाळीदार प्लास्टिकच्या टोपलीत, टाकीतच ठेवायचं. टोपली नवी घ्यावी, साबण लागलेली नको. जुने बाहेरून येऊन बघतात, दोन-चार वेळा जाळीला टोचतात, मग कंटाळतात. त्यांचं टोचणं दोन दिवसांनीही थांबलं नाही, तर तो मासा त्या टाकीचा नव्हे, असं समजून परत करायचा.

फायरफिशचंही सांगतो. पांढरा पुढे, लाल मागे, पाठीवर एक उभा तुरा. स्वभाव गरीब, कुणाला त्रास नाही. पण दचकला की उडी. आमच्या टाकीच्या झाकणाला नळी जायला बोटभर फट होती. सकाळी तो ओटीच्या लादीवर सुकटासारखा वाळलेला. आता झाकणावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवतो.

सगळ्यात मोठा घाव मात्र भांडणाने घातला नाही. टाकी छान चालली होती. एक क्लाउनची जोडी, दोन कार्डिनल, एक गोबी. गिऱ्हाईक येऊन बघून गेलं होतं. आम्ही एक ब्लेनी आणली आणि घाईत तशीच सोडली. आठवड्यात सगळ्यांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मासे दगडाला अंग घासायला लागले, कल्ले धापा टाकल्यासारखे. यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते मुख्य टाकीत घालता येत नाही, दगडात मुरतं आणि कोळंबी-गोगलगायी मरतात. वेगळी टाकी आमच्याकडे नव्हती. पाच दिवसांत सगळे गेले. त्या आजाराचा किडा मासा नसला की जगत नाही, पण टाकी पुरती मोकळी व्हायला अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. अडीच महिने काकीच्या ओटीवर नुसते दगड आणि पाणी, दिवा चालू. येणारी-जाणारी विचारायची, मासे कुठे गं? काकी सांगायची, माहेरी गेलेत.

गटातल्या दोघी तेव्हा सोडायच्या विचारात होत्या, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. त्यांचे पैसे होते. आम्ही उरलेल्या हप्त्याचा भार पाच जणींत वाटून घेतला, मग त्या थांबल्या. त्यानंतर पहिला खर्च केला तो लहान वेगळ्या टाकीचा. दीड फुटाची, आत नुसता एक पाइपचा तुकडा लपायला आणि स्पंजचा फिल्टर. नवीन मासा आला की चार ते सहा आठवडे तिथे. खातो का, पोहतो कसा, अंगावर ठिपके आहेत का, सगळं तिथेच कळतं. दुकानात सुद्धा आम्ही मासा घेण्याआधी त्याला आमच्यासमोर खायला घालायला लावतो. दुकानदाराला कंटाळा येतो, येऊ दे. आणि हॅचरीत जन्मलेला मिळत असेल तर तोच घेतो, चार पैसे जास्त गेले तरी. तो टाकीत वाढलेला, टाकीचं खाणं खाणारा. समुद्रातून धरलेला मासा कसा धरला हे आपल्याला कळत नाही. फिलिपाइन्स, इंडोनेशियाकडे तर सायनाइड फवारून गुंगवून धरतात, असे मासे दुकानात धडधाकट दिसतात आणि पुढे मरतात.

आता ज्या गिऱ्हाइकासाठी एवढं केलं, त्याचं काय झालं ते सांगायला हवं. तो किनाऱ्याकडचा एक रिसॉर्टवाला. चार फुटांची टाकी. आमची टाकी दुसऱ्यांदा उभी राहिल्यावर आम्ही त्याच्याकडे गेलो, माशांची यादी घेऊन. त्याला डोरी हवा होता, निमो हवा होता आणि लायनफिशही हवा होता, तिन्ही एकत्र, आणि पुढच्या शनिवारी. आम्ही सांगितलं, लायनफिश निमोला खाईल, डोरीला ही टाकी पुरणार नाही आणि शनिवारी तर काहीच होणार नाही, दीड महिना लागेल. तो म्हणाला, मेले तर मी नवीन आणीन, तुम्हाला काय? आम्ही एकमेकींकडे बघितलं. पैसे चांगले होते, हप्ता डोक्यावर होता. काकी म्हणाली, साहेब, नवीन तुम्ही आणाल, पण काढायला आम्हालाच यावं लागेल. ते काम दुसऱ्याला गेलं. त्या टाकीत आता गोड्या पाण्याचे गोल्डफिश आहेत, असं कानावर आलं.

सध्या आमच्याकडे खाऱ्या पाण्याच्या तीन घरच्या टाक्या आहेत. फार नाहीत. मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या वर जायला लागलं की टाकीवर पंखा लावायला सांगतो, पावसाळ्यात वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप प्रत्येक घरी ठेवतो. कुणाला हे काम करायचं असेल तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभेच्या माशांसाठी महिलांना जास्त अनुदान ठेवलं होतं, सध्या काय मिळतं याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करा. पण आधी गोड्या पाण्यात वर्षभर हात बसू द्या. आणि कार्तिकात निर्मळच्या यात्रेला आलात तर काकीच्या ओटीवर या. लहान टाकीत एक ब्लेनी सध्या चौथ्या आठवड्यात आहे. खातेय बरी. अजून दोन आठवडे तिला आत घेणार नाही.